शिडाच्या शिवणीवरचा समुद्र

जीजी, तुम्ही मला धारला आणलंत, हे मी आधी लिहितो. तुम्ही गेलात, हे नंतर लिहीन. वाचनालयाचे चिटणीस म्हणाले होते, ‘आपल्या हस्तलिखित अंकात त्यांच्यावर चार पानं हवीत, तुम्हीच लिहा, आधी जन्म, मग शिक्षण, मग कार्य आणि शेवटी निधन, असा क्रम ठेवा.’ पण तुमचा जन्म कुठला ते मला माहीत नाही. तुमचं शिक्षण मला कळण्यापलीकडचं होतं. आणि तुमचं कार्य म्हणजे नक्की काय, यावर या गावात अजून एकमत व्हायचं आहे. तेव्हा मी माझ्याच क्रमानं लिहितो. मराठी तिसरीत शाळा सोडलेल्या माणसाचा क्रम जसा असेल तसा.

तुमचं खरं नाव इंदिराबाई, हेसुद्धा मला वर्षभरानं कळलं. मुलींच्या शाळेत तुम्ही चित्रकला आणि गाणं शिकवत होता, पण बाई कुणी म्हणत नसे. इकडे थोरल्या बहिणीला जीजी म्हणतात, आणि टांगेवाल्यापासून हेडमास्तरीणबाईंपर्यंत सगळ्या धारची तुम्ही थोरली बहीण होता. मी परमुलखातला, मीही तेच म्हणू लागलो. तुम्ही मात्र मला पहिल्या दिवसापासून भिकाजीराव म्हणालात. तोवर मला राव कुणी लावला नव्हता. पहिले काही दिवस मी मागे वळून बघत असे, आणखी कोण आलंय म्हणून.

मी तेव्हा देवासला होतो. संस्थानं विलीन होऊन मध्य भारत झाला, त्या वर्षीची गोष्ट. देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात नांदत होती, आणि त्यांतल्या एका पातीच्या फरासखान्यात मी तंबू आणि कनाती शिवत असे. राजेसाहेबांच्या स्वाऱ्याच बंद झाल्यावर तंबू कुणासाठी शिवायचे? आम्हा चौघांना जुने तंबू उसवून कापड वेगळं करायला बसवलं होतं. ते संपलं की आम्हीही संपणार, हे चौघांना ठाऊक होतं. म्हणून आम्ही फार हळू उसवत होतो.

तुम्ही चित्रांसाठी कापड बघायला आलात. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं जाडं कापड तुम्हाला हवं होतं. ढिगातली एक पट्टी उचललीत, शिवणीवरून बोट फिरवलंत आणि विचारलंत, “हा टाका कुणाचा?”

मला वाटलं, काहीतरी फाटलं. “माझा, बाई. काही चुकलं का?”

“इकडचा नाही हा.”

“नाही. शिडाचा आहे. आमच्याकडे गलबतांची शिडं शिवतात. दोन्ही काठ एकमेकांत दुमडून घ्यायचे, म्हणजे वाऱ्यानं सुटत नाहीत.”

“शिडाचा?” म्हणालात, आणि त्या धुळीच्या ढिगावरच बसलात. आमचा जमादार खुर्ची घेऊन धावत आला, त्याच्याकडे तुम्ही बघितलंही नाही. “म्हणजे तुम्ही समुद्रावरचे.”

“खाडीवरचा. खाडीच्या तोंडाशी गाव आहे.”

“एकच की. धारला येता? मला अशी शिवण लागते.”

एवढंच. माझी कुणाकडे चौकशी केली नाहीत, कुणाची चिठ्ठी मागितली नाहीत. मी मात्र आठवडाभर घाबरून होतो की मी येईन आणि तुम्ही म्हणाल, कोण तुम्ही?

तुम्ही एकट्या राहणाऱ्या विधवा बाई आणि मी परका पुरुष. गावाला बोलायला जागा नको, म्हणून तुम्ही माझी राहायची सोय नंदलाल टांगेवाल्याच्या घरी केलीत. शाळेचे पडदे, जाजमं, गॅदरिंगची कनात, सगळं शिवणकाम माझ्याकडे लावून दिलंत. तुमच्याकडे मी सकाळी शाळेच्या आधी दोन तास येई. दार सताड उघडं आणि उंबऱ्याशी नंदलालची आई सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. त्या म्हातारीनं तुमची चित्रं होताना जेवढी पाहिली, तेवढी मीही पाहिली नसतील. तिचं मत तिनं कधी सांगितलं नाही. तांदूळ मात्र धारमध्ये तिच्याइतके स्वच्छ कुणी निवडलेले नसतील.

तुमच्या चित्रांत होडी नसे, माड नसे, पाणीसुद्धा नसे. पट्टे असत. करडे, मातकट, शेवाळी, एखाद्या वेळी कोपऱ्यात पिवळा. तुम्ही म्हणायचात, हा समुद्र. आठ वर्षांच्या असताना वडिलांच्या बदलीमुळे तुम्ही कोकणातल्या एका बंदरावर वर्षभर राहिला होता. समोर समुद्र, आणि मागे आतल्या खोलीत तुमची आई तंबोऱ्यावर सा लावून बसलेली. मग माळवा, मग लग्न, मग धार. समुद्र पुन्हा दिसला नाही. पण आठवताना तुम्हाला तो नेहमी तंबोऱ्यासकट आठवे. म्हणून तंबोरा लागल्याशिवाय तुमचा कुंचला चालत नसे, आणि तुमचे हात रंगात म्हटल्यावर तंबोरा माझ्या हातात आला.

दाभण धरून माझी बोटं खडबडीत झालेली. पहिल्या दिवशी तार तुटायचीच बाकी होती.

“दोर ओढताय का भिकाजीराव? तार आहे ती. छेडा आणि सोडून द्या.”

“जमणार नाही जीजी. मला गाण्यातलं काही कळत नाही.”

“गाण्यातलं कळणारे या गावात पुष्कळ आहेत. मला न थांबणारा माणूस पाहिजे.”

न थांबणं मला जमलं. वल्ही मारल्यासारखं एकदा अंगात आलं की हात आपोआप चालतो. चार तारा, परत पहिली. तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभ्या. मधेच गुणगुणायचात, मधेच कुंचला तोंडात धरून मागे सरकायचात. एकदा माझ्या डब्यावर पाय पडला आणि चटणी सांडली, तर तुम्ही तोच रंग दोन दिवस शोधत होता.

आपलं एक भांडण तेव्हापासून चालू होतं. मी म्हणे, समुद्राला सूर नसतो. त्याच्याजवळ राहिलेला माणूस त्याला सुरेल म्हणणार नाही. तो आरडाओरडा करतो, गप्प बसतो, वाटेल तेव्हा. तुम्ही म्हणायचात, “बेसूर असं काही नसतंच. ऐकणाऱ्याची बैठक मोडकी असते.” मी म्हटलं, ओल्या रेतीत बैठक कशी घालणार? तुम्ही इतक्या हसलात की त्या दिवशी चित्र झालंच नाही. पण भांडण मिटलं नाही. रविवारी नंदलालच्या आईला घेऊन मुंज तलावावर जायचो तेव्हा तुम्ही मुद्दाम विचारायचात, “काय भिकाजीराव, याला तरी सूर आहे का?” मी म्हणे, हे पाणी झोपलेलं आहे, त्याला कशाला उठवता.

शाळेच्या गॅदरिंगला तुमची चित्रं हॉलमध्ये लागायची. पालक येत, दोन मिनिटं उभे राहत, आणि मुलींनी काढलेल्या मोराकडे वळत. नंदलाल एकदा टोपी हातात धरून बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, “जीजी, बुरो मती मानजो. पण म्हारे तो यो बरसात की सीली भींत लागे.” पावसात ओल आलेली भिंत. आजूबाजूच्या मास्तरणींच्या तोंडचं पाणी पळालं. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. “नंदलाल, अख्ख्या धारमध्ये तूच एक बघतोस.”

मग माझ्याकडे वळून तुम्ही विचारलंत, “आणि तुम्हाला?”

“छान आहे, जीजी.”

“तुमच्या छानला मीठ नाही हो.”

खरंच नव्हतं. जीजी, आज लिहितो, मी सहा-सात वर्षं तुम्हाला एकच उत्तर दिलं. प्रत्येक चित्र झालं की तुम्ही कुंचला पुसत विचारायचात, “सांगा, हा समुद्र आहे का? इथे दुसऱ्या कुणाला विचारू? तुम्हीच एक तिथले.” आणि मी म्हणे, छान आहे. मला वाटे, नाही म्हटलं तर माझी गरज काय उरली? समुद्रावरचा माणूस म्हणून तर मला आणलंत. त्या पट्ट्यांमध्ये मला काही दिसत नसे. सपाट वाटत. समुद्र सपाट नसतो. किनाऱ्यावर उभं राहिलं की तो आपल्यापेक्षा उंच असतो, समोर उभा असतो. एवढं जरी सांगितलं असतं तरी तुम्हाला उपयोग झाला असता. पण मी नोकरीला घाबरणारा माणूस. छान आहे, म्हणालो.

पत्राचंही असंच. मी घरी पत्र पोस्टातल्या कारकुनाकडून लिहवून घेई. तुम्हाला कळल्यावर रागावलात. “तुमच्या बायकोला त्या कारकुनाच्या अक्षरात का पत्र जावं?” मी म्हटलं, मला जोडाक्षरं येत नाहीत. “मग जोडाक्षरं नसलेलं लिहा.” पहिलं पत्र तसंच गेलं. ‘मी बरा आहे. काम बरं आहे. इथे खाडी नाही.’ महिन्याभरानं मुलीचं उत्तर आलं. ती तेव्हा चौथीत होती. ‘बाबा, तुमचं अक्षर वाकडं आहे पण ते तुमचं आहे म्हणून आईनं देवाजवळ ठेवलं.’ ते पत्र मी तुम्हाला वाचून दाखवलं.  दुसऱ्या दिवशी ओसरीवर पाटी आणि पेन्सिल ठेवलेली होती, आणि त्यानंतर दर गुरुवारी मी तुमच्यासमोर दहा ओळी लिहिल्या. हे सगळं पान त्या दहा ओळींचंच आहे. चुका दिसतील, त्या माझ्या.

“घरी का जात नाही?” असं तुम्ही दर वर्षी विचारायचात. मी सांगे, लांब आहे, आगबोटीचा त्रास होतो, पुढच्या वर्षी बघू. खरं कारण मी कधी बोललो नाही. ते पुढे लिहितो. आधी कापडाची गोष्ट.

तुम्हाला एक मोठं चित्र करायचं होतं. नऊ हात रुंद. कुक्षीच्या बाजारातून आणलेलं नवं जाडं कापड तुम्ही माझ्यापुढे टाकलंत आणि म्हणालात, “पाच पट्ट्या जोडा. शिवणी लपवू नका. मला त्या दिसायला हव्यात.” तेवढं मोठं कापड मी देवास सोडल्यापासून शिवलं नव्हतं. तीन दिवस ओसरीभर पसरून बसलो. मेण लावलेला दोरा, दाभण, मांडीखाली दाबलेला काठ. हात इतका आनंदात चालला होता की डोकं त्याच्या मागे राहिलं.

चौथ्या दिवशी चौकटीवर ठोकायला घेतलं तर कापड ताणलं जाईना. कडा घट्ट बसत आणि मध्ये झोळी येई. खिळे काढले, परत ठोकले. पाणी मारून बघितलं. नंदलालला बोलावून दोन्ही बाजूंनी ओढलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. जीजी, शिडाचं कापड कापताना पट्टीचा काठ सरळ कापत नाहीत. किंचित बाक देतात, म्हणजे पट्ट्या जोडल्या की मध्ये पोट येतं आणि त्यात वारा भरतो. सरळ कापलेल्या शिडानं गलबत चालत नाही. माझ्या हातानं मला न विचारता तुमच्या चित्राचं शीड करून ठेवलं होतं.

तुम्ही शाळेतून आलात तेव्हा मी खिळे वेचत बसलो होतो.

“हे काय करून राहिलात?”

“चुकलं, जीजी. कापड वाया गेलं.” मी बाकाचं सगळं सांगितलं.  “नवीन आणतो. माझ्या खर्चानं आणतो. मला काढू नका.”

“काढायचं काय त्यात? हटा जरा.” तुम्ही झोळीत हात घातलात. त्याच वेळी खिडकीतून वारा आला आणि कापड तुमच्या हातापासून सुटून फुगलं, आणि हळूच परत बसलं. तुम्ही हात तसाच धरून उभ्या राहिलात. उंबऱ्यावरची म्हातारीसुद्धा सूप खाली ठेवून बघू लागली.

“भिकाजीराव,” तुम्ही म्हणालात, “चौकट मोडून टाका.”

आढ्याला दोर बांधून आम्ही ते कापड नुसतंच टांगलं. पंधरा-वीस दिवस तुम्ही त्यावर काम केलंत. मी नेहमीच्या जागी, तंबोरा मांडीवर. कापड मधून मधून श्वास घेई आणि तुम्ही त्याच्याबरोबर मागे-पुढे होत होता. मला तुमची पाठ दिसे, चित्र अर्धं दिसे. शेवटच्या सकाळी तुम्ही बाजूला झालात.

माझा हात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा थांबला.

आता ते कारण लिहितो. मला दत्ता नावाचा धाकटा भाऊ होता. नारळी पुनवेनंतर गलबतं पहिल्यांदा बाहेर पडतात, त्या दिवशी त्याच्या शिडाचा खालचा कोपरा मी शिवत होतो. तिथे दुहेरी शिवण लागते. दत्ता किनाऱ्याच्या पुळणीवरून ओरडत होता, “दादा, झालं का? बस झालं, दे ना!” मी एकेरी मारून दिली. म्हटलं, परत आला की दुसरी मारू. पावसाच्या दिवसांनंतर आमच्या खाडीचं गढूळ पाणी दर्यात शिरतं, आणि जिथे दोन्ही पाणी भेटतात तिथे एक वाकडी रेघ दिसते. अलीकडे माती, पलीकडे निळं. ती हलते पण मोडत नाही. त्या रेघेपर्यंत मी त्याचं शीड पाहिलं. तो परत आला नाही. शीडही आलं नाही, म्हणून माझा टाका सुटला की वाराच तसा होता, ते कुणाला कळलं नाही. मलाही नाही. घरात मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. टाक्याचं कुणाला ठाऊकच नव्हतं. दोन महिन्यांनी मी आगबोटीत बसलो आणि जिथे समुद्र नाही असं गाव शोधत देवासला आलो.

आणि इथे, धारमध्ये, तुमच्या घराच्या आढ्याला ती रेघ लोंबत होती. खालच्या शिवणीच्या जरा वर. अलीकडे माती, पलीकडे निळं. वारा आला की हलत होती आणि मोडत नव्हती. तुम्ही ती आठव्या वर्षी पाहिली असणार. ती काय आहे हे तुम्हाला ठाऊकही नसणार. तुमच्या जुन्या सगळ्या चित्रांत ती होती, आता मला कळतं, पण सपाट कापडावर ती नुसती रेघ होती. या कापडावर तिच्यामागे पाणी उभं होतं. माझ्यापेक्षा उंच.

“थांबलात का?” तुम्ही विचारलंत. मग हळूच, अगदी मुलीनं विचारावं तसं, “सांगा. आहे का समुद्र?”

मी ओरडलो. तुमच्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता. “नाही! हा समुद्र नाही, जीजी. समुद्र असा नसतो. काढा ते.”

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं होतं तुम्ही रागवाल. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तुम्ही म्हणालात, “अखेर मीठ आलं म्हणायचं.” आणि स्वतः स्टुलावर चढून दोर सोडलेत.

हेच मला खातं. सहा-सात वर्षं मी खोटं छान म्हटलं ते तुम्ही मानलं नाहीत. एकदाच नाही म्हटलं, आणि ते इतक्या मोठ्यानं म्हटलं की तुम्हाला खरं वाटलं. कापड गुंडाळून तुम्ही कपाटामागे उभं केलंत. “मला नाही जमलं ते. असू द्या,” एवढंच म्हणालात. मला काढलं नाहीत, उलट त्या गुरुवारी माझ्या दहा ओळी नेहमीपेक्षा बारकाईनं तपासल्यात. पण त्यानंतर तुम्ही नवं चित्र काढलं नाही. सकाळी मी येई, तुम्ही स्वतःच तंबोरा घेऊन बसायचात, मी शाळेचे पडदे शिवी. चार महिने. रोज ओसरीची पायरी चढताना ठरवे, आज सांगू. सांगायचं तर दत्ताचं सांगायला लागणार, टाक्याचं सांगायला लागणार. पायरी चढून झाली की म्हणे, उद्या.

मग तंबोऱ्याची जवारी बिघडली आणि तारा बद्द वाजू लागल्या. देवासला तुमचे ओळखीचे एक म्हातारे कारागीर होते, त्यांच्याकडे तुम्ही मला पाठवलंत. तेव्हा तुम्हाला बारीक ताप होता. “येतो तोवर बऱ्या व्हा,” असं मी गमतीनं म्हटलं आणि तुम्ही म्हणालात, “आधी सूर बरा करून आणा, मग मी.” कारागिरांनी तीन दिवस लावले. तार छेडून मला ऐकवली तेव्हा आवाज इतका भरून आला की मी तिथेच ठरवलं, आता उद्या नाही. मोटारीत तंबोरा मांडीवर उभा धरून बसलो. लोक चेष्टा करत होते, “भिया, नवरी को कहाँ ले जा रहे हो?” मी हसलो नाही, कारण वाक्य पाठ करत होतो. ‘जीजी, तो समुद्रच होता. मी खोटं बोललो. कारण सांगतो, बसा.’ इंदुरात मोटार बदलली, तेव्हा विसरेन म्हणून परत पहिल्यापासून म्हटलं.

धारच्या मोटार अड्ड्यावर नंदलाल उभा होता. टांगा नव्हता, नुसताच उभा होता. त्यानं माझ्या हातातून तंबोरा घेतला आणि म्हणाला, “भिया, जीजी तो चली गी. काल सवेरे.”

मी त्याला म्हणालो, “अरे, पण सूर लावून आणलाय.” असं काय बोललो ते मला अजून कळत नाही.

तेराव्यानंतर इंदूरहून आलेले तुमचे एक पुतणे सामान आवरत होते. भले गृहस्थ आहेत, त्यांना दोष देत नाही. लहान चित्रं शाळेला दिली, तंबोराही शाळेला दिला. कपाटामागची गुंडाळी ओढून त्यांनी मला विचारलं, “हे तंबूचं कापड तुमचं का?”

क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. हो म्हटलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. पण म्हणालो, “नाही साहेब. ते जीजींचं चित्र आहे. सगळ्यांत मोठं.”

आम्ही दोघांनी मिळून ते उलगडलं. त्यांनी मान इकडून तिकडे वळवून पाहिलं. “यात वरची बाजू कुठली?”

“टांगावं लागतं. मग आपोआप कळतं.”

“काय आहे पण हे?”

उंबऱ्यात नंदलालची आई उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. आणि जे तुम्हाला सांगायचं होतं ते मी तुमच्या पुतण्याला सांगितलं. “समुद्र आहे. हुबेहूब. मी तिथला आहे.”

त्यांनी हातांनी कापडाची रुंदी मोजली. मग म्हणाले, “एवढी भिंत आमच्याकडे नाही. तुम्ही ठेवा.”

आता ते नंदलालच्या घरी माझ्या खाटेशेजारी गुंडाळून उभं आहे. शाळेत शिवणकाम चालू आहे, मला कुणी काढलेलं नाही. तुम्ही हेडमास्तरीणबाईंना तसं आधीच सांगून ठेवलं होतं, हे मला परवा कळलं. सकाळी शाळेच्या आधीचे दोन तास मात्र मोकळे राहतात. तुमच्या घराला कुलूप आहे. मी सवयीनं तिथवर जातो, पायरीशी थांबतो आणि परत येतो. या गावात बोलायला माणसं आहेत. समुद्राला सूर आहे की नाही यावर भांडायला कुणी नाही. देवासहून आणलेला तंबोरा ऐकून मला तुमचं म्हणणं थोडं पटायला लागलं होतं, तेही सांगायचं राहिलं. पूर्ण पटलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या.

मुलीनं मागच्या पत्रात लिहिलं आहे, आजी अजून रोज संध्याकाळी पुळणीवर जाऊन त्या रेघेकडे बघत बसते. माझ्या आईला चित्रातलं काही कळत नाही. पण ती रेघ तिच्याइतकी कुणी पाहिलेली नाही.

जीजी, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी एक दिवस फेडीन. लगेच होणार नाही, मला अजून भीती वाटते. पण हे कापड घेऊन मी आगबोटीत बसेन. घराच्या पडवीत दोर बांधून ते टांगीन, आणि आईला समोर बसवीन. आधी तिला त्या एकेरी टाक्याचं सांगीन. मग तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दांत विचारीन. ती जे म्हणेल ते माझ्या वाकड्या अक्षरात, जोडाक्षरांसकट, इथे याच वहीसाठी लिहून पाठवीन. ती नुसतं छान म्हणाली, तर परत विचारीन.